घरचा वकील नेमका कुणाचा?



या मालिकेत आपण वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांचं आयुष्य आतून कसं असतं ते समजून घेतो आहोत. आज माझी पाळी आहे. मी तालुक्याच्या गावात वकिली करतो. घरगुती वाद हे माझं मुख्य काम: नवरा-बायको, पोटगी, मुलांचा ताबा, भावाभावांच्या वाटण्या, म्हाताऱ्या आईवडिलांचं सांभाळणं. वकिलीला सुरुवात केली तेव्हापासून गावातल्या सार्वजनिक कामातही आहे. वाचनालय, रक्तदान शिबिरं, शाळेची समिती, कायद्याची शिबिरं, सगळं थोडं थोडं.

ही दोन्ही कामं एकच माणूस करतो तेव्हा लोकांना ते फार छान वाटतं. 'वकीलसाहेब आपले आहेत' असं म्हणतात. मलाही बरीच वर्षं ते ऐकायला आवडायचं. पण या 'आपले'मध्ये एक धोका आहे. माझ्या हातून त्यामुळे एक नुकसान झालं. ते मी आज सांगणार आहे, कारण त्यातून छोट्या गावातल्या वकिलाचं काम खरं काय असतं ते समजेल, आणि तुम्हाला उद्या वकिलाकडे जावं लागलं तर काय विचारायचं तेही समजेल. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी गावाची आणि न्यायालयाची ओळख

शहरातल्या लोकांना वाटतं, घटस्फोट म्हणजे कौटुंबिक न्यायालय. पण कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा आहे आणि त्यात दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी असं न्यायालय स्थापन करणं बंधनकारक आहे. इतर ठिकाणी राज्य सरकारला गरज वाटली तर. त्यामुळे देशातल्या बहुतेक तालुक्यांत कौटुंबिक न्यायालय नाही, समुपदेशकाची खोली नाही, मुलाला भेटवण्यासाठी वेगळी जागा नाही.

आमच्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अशी दोन्ही पदं सांभाळणारे एकच न्यायाधीश असतात. सकाळी चोरीची केस, दुपारी बांधाचा दावा, मध्येच पोटगीचा अर्ज. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराचे अर्ज गावातच चालतात. घटस्फोटाचा अर्ज मात्र वरिष्ठ स्तर न्यायालयात, चाळीस किलोमीटरवर. म्हणजे एकाच बाईला एकाच भांडणासाठी दोन गावांच्या तारखा सांभाळाव्या लागतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, बरोबर यायला भाऊ मोकळा आहे की नाही, हे सगळं तिच्या खटल्याचा भाग असतं. कायद्याच्या पुस्तकात ते नसतं.

माझा दिवस सकाळी आठला घरच्या ओटीवर सुरू होतो. पक्षकार येतात ते एकटे येत नाहीत. मुलीबरोबर आई, मामा, गावचा एखादा पुढारी. बोलतात ते मामा. मुलगी खाली बघून बसलेली. पहिलं काम हे की चहाच्या निमित्ताने मामांना अंगणात पाठवायचं आणि मुलीला विचारायचं, 'ताई, तुम्हाला काय पाहिजे?' पुष्कळदा हा प्रश्न तिला त्याआधी कुणी विचारलेलाच नसतो.

अकराला न्यायालय. बोर्ड बघायचा, पुकारा झाला की उभं राहायचं. समोरचा आला नाही, समन्स बजावलंच गेलं नाही, साहेब रजेवर आहेत, अशा कारणांनी पुढची तारीख पडते. संध्याकाळी पुन्हा ओटी. आणि रस्त्यात, लग्नात, दशक्रियेला, केस कापायला बसल्यावरसुद्धा 'साहेब, एक विचारायचं होतं'. ते फुकट असतं. त्याबद्दल तक्रार नाही. रस्त्यावर दिलेला सल्ला अर्धवट माहितीवर दिलेला असतो, अडचण ती आहे.

माझ्या अक्षरातला कागद

वकिली सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. वाड्यावस्त्यांवर जाऊन तंटे मिटवणाऱ्या मंडळींबरोबर मी हिंडायचो. सरकारची तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एका जोडप्याचं पटत नव्हतं. लग्नाला वर्षच झालं होतं, मूल नव्हतं. दोन्हीकडची माणसं देवळात बसली. दिवसभर चर्चा झाली. शेवटी ठरलं: दागिने परत, लग्नाचा निम्मा खर्च परत, आणि दोघं मोकळी. मुलगी पुढे पोटगी मागणार नाही, मुलगा काही मागणार नाही. सगळ्यांना बरं वाटलं. न्यायालयाची पायरी न चढता सुटलं.

कुणीतरी स्टँप पेपर आणला. 'साहेब, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा.' मी लिहिलं. वर मथळा: फारकतनामा. खाली दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी नोटरीचा शिक्का झाला.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्या कायद्याखाली झालेलं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. कलम २९ मध्ये एक अपवाद आहे: एखाद्या समाजात रूढीने घटस्फोटाची प्रथा असेल तर ती कायद्याने राखून ठेवली आहे. पण ती प्रथा जुनी आहे, सलग पाळली जाते, हे सांगणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. नुसतं 'आमच्यात चालतं' पुरत नाही. हे मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, हा काही घटस्फोट नाही, ही फक्त तडजोडीची नोंद आहे. पुढे लागला तर न्यायालयातून हुकूम घेतील. पण हे मी त्यांना मोठ्याने सांगितलं नाही. मी तिथे वकील म्हणून गेलोच नव्हतो ना, गावाचा माणूस म्हणून गेलो होतो.

तिकडे त्या घरांत काय बोललं गेलं ते मला फार उशिरा समजलं. 'वकिलांनीच लिहिलंय, म्हणजे पक्कं झालं.'

पुढे अठरा वर्षांनी ती बाई माझ्या ओटीवर आली. त्या कागदाच्या भरवशावर तिचं दुसरं लग्न झालं होतं. संसार चांगला झाला. नवरा नोकरीत होता. तो आजारपणात गेला. त्याच्या भावांनी हरकत घेतली की ही त्याची कायदेशीर बायकोच नाही. नोकरीच्या ठिकाणी पैशांसाठी अर्ज केला तर त्यांनी रीतसर विचारलं, आधीच्या घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूमनामा कुठे आहे? तिने प्लॅस्टिकचं आवरण घालून जपलेला कागद पुढे केला. माझ्या अक्षरातला.

कायद्याचा हिशेब निष्ठुर होता. पहिलं लग्न मोडलेलंच नव्हतं, म्हणून दुसरं लग्न सुरुवातीपासून रद्दबातल. सोळा वर्षं संसार करूनही ती कायद्याने त्या माणसाची विधवा नव्हती. उलट ज्याच्याशी तिचा काहीच संबंध उरला नव्हता, त्याची बायको होती.

मी म्हटलं, 'ताई, हा कागद मीच लिहिला होता.' ती म्हणाली, 'माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडे आले.'

मी तिची केस घेऊ शकत नव्हतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे, ते वकिलाने घेऊ नये. मी तिला तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन गेलो. तिथून तिला दुसऱ्या वकीलबाई मोफत मिळाल्या. आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न असा विचारला की मला उत्तर देता येईना: 'हा कागद तुम्ही वकील म्हणून लिहिलात की गावकरी म्हणून?'

प्रथा सिद्ध झाली नाही. तिच्या वाट्याला काही आलं नाही. एक गोष्ट वाचली: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे रद्दबातल लग्नातलं मूलही औरस धरलं जातं आणि त्याला आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क मिळतो. त्यामुळे तिच्या मुलाचा हक्क मान्य झाला. त्या मुलावर आज ते घर उभं आहे. पण तिचं स्वतःचं जे गेलं ते गेलं.

मी कोण म्हणून बसलो आहे?

त्या प्रश्नाचं उत्तर मला पिंजऱ्यात देता आलं नाही, म्हणून तेव्हापासून मी ते आधीच देतो. कुणीही समोर बसलं की पहिल्या पाच मिनिटांत सांगतो: मी या वेळी तुमचा वकील आहे, किंवा समोरच्याचा आहे, किंवा कुणाचाच वकील नाही, फक्त मदतीला आलो आहे. हे औपचारिक वाटतं, काहींना रागही येतो. 'एवढ्या ओळखीत हे काय?' म्हणतात. पण ओळख आहे म्हणूनच ते सांगायला लागतं.

यात तीन गोष्टी आहेत, त्या समजून घ्या.

पहिली, गुप्तता. पक्षकाराने वकिलाला व्यवसायाच्या नात्याने सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. बेकायदा कामासाठी सांगितलेल्या गोष्टींना हे संरक्षण नाही, तो भाग वेगळा. पण हे संरक्षण वकील-पक्षकार या नात्याला आहे. तुम्ही गणेशोत्सवाच्या मांडवात, मंडळाचा कार्यकर्ता म्हणून माझ्याशी बोललात, तर तेच संरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

दुसरी, बाजू. एका पक्षाला सल्ला दिला असेल, त्याची कागदपत्रं तयार केली असतील, तर त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाची वकिली करता येत नाही. हाही बार कौन्सिलचा नियम आहे. मोठ्या शहरात तो पाळणं सोपं. आमच्या गावात नवऱ्याचे वडील माझे वर्गमित्र असतात आणि बायकोच्या आईने माझ्या मुलीला शिकवलेलं असतं. दोघंही आधी माझ्याकडेच येतात. म्हणून दुसऱ्याने तोंड उघडायच्या आत सांगावं लागतं, 'थांबा, तुमची दुसरी बाजू कालच येऊन गेली.'

तिसरी, घरचा वकील. हा शब्द आपल्याकडे फार प्रेमाने वापरला जातो. पण घर म्हणजे एक माणूस नव्हे. वडिलांचं खरेदीखत मी केलं, थोरल्याचं कर्जप्रकरण मी केलं, आता भाऊ बहिणीला घेऊन येतात आणि म्हणतात, 'हक्कसोड पत्र करायचं आहे. ताई तयार आहे.' ताई मान हलवते.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मतः हक्क मिळाला. महाराष्ट्राने आपल्यापुरता असा बदल १९९४ मध्येच केला होता. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर वाद होता. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो मिटवला: वडील हयात असण्याची अट नाही. आता हे ताईला कोण सांगणार? भाऊ सांगणार नाहीत. म्हणून मी भावांना बाहेर बसवतो आणि म्हणतो, 'ताई, मी तुमच्या भावांचा वकील आहे, तुमचा नाही. तुमचा वाटा भावाइतकाच आहे. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र मागे घेणं फार अवघड असतं. माहेर टिकावं म्हणून सोडायचा असेल तर तो तुमचा निर्णय, पण आधी दुसऱ्या वकिलाला विचारून या, आठ दिवसांनी सही करा.'

यात माझे काही पक्षकार गेले. 'वकील आपला, आणि बहिणीला फितवतो,' असं गावात बोललं गेलं. पण आठ दिवसांनी आलेल्या बहिणींपैकी काहींनी सही केली, काहींनी थोडी जमीन ठेवून बाकीची सोडली, काहींनी नकार दिला. ज्यांनी समजून सही केली त्यांची घरं पुढे भांडत माझ्याकडे आली नाहीत.

मग स्वयंसेवकाने करायचं काय?

तुम्ही म्हणाल, मग वकिलाने समाजकार्य सोडूनच द्यावं का? अजिबात नाही. फक्त ते काम वेगळं आहे हे ओळखावं. तोडगा काढून देणं हे त्याचं काम नाही. माणसाला योग्य दारापर्यंत नेणं, हे आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक मदतीचं तत्त्व आहे. ते १९७६ च्या दुरुस्तीने आलं. त्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याने राष्ट्रीय पातळीपासून तालुक्यापर्यंत यंत्रणा उभी केली. म्हणजे तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा की बडोद्याला, ही सोय तुमच्यासाठी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्याप्रमाणे ठरते. बाई श्रीमंताघरची असो की मजुरी करणारी, तिला हा हक्क आहे. न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. आणि या यंत्रणेतून नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून वेगळी फी घ्यायची नसते, हेही लक्षात ठेवा.

याच यंत्रणेत २००९ पासून विधी स्वयंसेवक नेमले जातात. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, कायद्याचे विद्यार्थी. त्यांना प्रशिक्षण मिळतं. अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात, कुणाला भेटायचं, हे ते लोकांना सांगतात. विद्यार्थी हे काम वकिलीची सनद मिळेपर्यंतच करू शकतात. सनद मिळाली की ही टोपी उतरवायची. दोन्ही टोप्या एका वेळी घालू नयेत, हे योजना आखणाऱ्यांना माझ्या आधीच समजलं होतं म्हणायचं.

आमच्या शिबिरात आता मी भाषण करत नाही. लोकांना सांगतो, घरातली कागदांची पिशवी घेऊन या. प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते: लग्नपत्रिका, सातबारा, जुनी पावती, दवाखान्याचे कागद, कुणीतरी दिलेलं फारकतपत्र. एकेक पिशवी उघडून कोणता कागद काय आहे आणि काय नाही, एवढंच सांगतो. आईवडिलांनी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचं ठरवलं असेल, तर त्यात 'आम्हाला सांभाळावं' ही अट स्पष्ट लिहा, असं सांगतो. कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून घेण्याची तरतूद आहे. अट लिहिलीच नसेल तर म्हातारपणी ती सिद्ध करत बसावं लागतं.

कुठे तडजोड, कुठे नाही

छोट्या गावात तडजोडीचा मोह मोठा असतो. न्यायालय लांब, खर्च जास्त, आणि दोघांना पुन्हा एकाच बाजारात भेटायचं असतं. तडजोड वाईट नाही. माझी अर्ध्याहून जास्त कामं तडजोडीने संपतात. पण ती रीतसर नोंदली गेली पाहिजे. लोक न्यायालयात झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. मात्र घटस्फोट लोक न्यायालयात होत नाही. दोघांची संमती असेल तर कलम १३-ब खाली अर्ज करायचा. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची तरतूद आहे, पण योग्य प्रकरणात न्यायालय ती अट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे स्टँप पेपरपेक्षा थोडाच जास्त वेळ, आणि कागद आयुष्यभर टिकणारा.

आणखी एक. 'मी पुढे कधीही पोटगी मागणार नाही' असं लिहून दिलं म्हणून पोटगीचा कायदेशीर हक्क आपोआप बुडत नाही. न्यायालयं अशा लिहून देण्याकडे संशयानेच बघतात. पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. ते सर्व धर्मांच्या बायकांना, मुलांना आणि आईवडिलांना लागू आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं त्यात म्हटलं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं आवश्यक झालं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरलं. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल हो, आपलाच आहे' म्हणत थांबलेल्या बायांची जुनी थकबाकी अशीच बुडते.

आणि मारहाण असेल तिथे पंचांची बैठक नको. मी अशा बैठकीला जात नाही, कुणी कितीही जवळचं असो. मार खाल्लेली बाई आणि मारणारा नवरा एका सतरंजीवर समोरासमोर बसवून 'दोघांनी थोडं थोडं नमतं घ्या' म्हणणं हा न्याय नाही. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहेत, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत ठेवायची आहे. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, तातडीला ११२. स्वयंसेवकाचं काम अशा वेळी एवढंच: तिच्याबरोबर जाणं, दवाखान्याचे कागद सांभाळणं, आणि ती जे म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहिलं गेलं आहे ना हे बघणं.

पैसा आणि मनावरचं ओझं

तरुण वकील मला विचारतात, यात भागतं का? भागतं. श्रीमंत होत नाही. फी हप्त्याने येते, सुगीनंतर येते, कधी येतच नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि निकालावर अवलंबून फीही ठरवता येत नाही. 'जिंकलो तर एवढे टक्के' हे नियमात बसत नाही. त्यामुळे छोट्या गावात नाव हेच भांडवल. आणि नाव सांभाळायचं म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायचं, अशी समजूत होते. माझीही झाली होती. देवळातल्या त्या दिवशी मी सगळ्यांना खूश केलं होतं.

या कामात घरी काही नेता येत नाही. ज्याची उलटतपासणी दुपारी घेतली, तोच संध्याकाळी दूध घालायला दारात उभा असतो. बायकोलाही सांगता येत नाही की तिच्या मैत्रिणीच्या घरात काय चाललं आहे. माझ्या घरच्यांनी हे न विचारता सांभाळलं.

शेवटी तुमच्यासाठी तीन गोष्टी. वकिलाकडे गेलात, मग तो कितीही घरचा असो, तर आधी विचारा: 'तुम्ही माझे वकील आहात का?' दुसरं, कुठलाही कागद सही करण्याआधी विचारा: 'हा न्यायालयात टिकेल का, आणि टिकला नाही तर नुकसान कुणाचं?' तिसरं, घरात कुणाचं फारकतपत्र स्टँप पेपरवर झालेलं असेल, तर आजच दाखवून घ्या. दोघं हयात असताना दुरुस्तीचा मार्ग असतो. नंतर फार थोडा उरतो.

त्या ताई अजूनही भेटतात. गेल्या वर्षी शिबिरात त्या स्वतः एका मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात स्टँप पेपर होता, कोरा, अजून काही न लिहिलेला. ताईंनी तो माझ्यासमोर ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, 'आधी यांना विचार, हे तुझे वकील आहेत का. मग बोल.'

मी सांगितलं, नाही, आज मी शिबिरातला माणूस आहे. तिला विधी सेवा समितीचं कार्यालय दाखवलं. तो कागद तिने परत पिशवीत ठेवला.